राहेलमावशींची मूठ

राहेलमावशींचं आणि माझं कधी पटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असा रिवाज आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, एका भाविक म्हातारीची आठवण काढून हिचे डोळे भरून आलेत. डोळे वगैरे काही भरलेले नाहीत. ती बाई आठवली की माझं डोकं अजून तापतं. आणि ती आठवते फार.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात मी मातीवर पीएचडी करत होते आणि विमल नावाच्या एका नर्सच्या घराचं तळघर भाड्याने घेऊन राहत होते. विमल आमच्या नगर जिल्ह्यातली, आमच्यासारखीच ख्रिस्ती. नवरा तिला टाकून दुसऱ्या बाईबरोबर ओहायोला निघून गेलेला, आणि पदरात रूबी ही सात वर्षांची मुलगी. रूबीला पाचव्या वर्षापासून डायबेटिस. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी इन्सुलिनची दोन इंजेक्शनं. ती चुकली तर पोर हातची जायची. विमलच्या हॉस्पिटलातल्या ड्यूट्या उलट्यासुलट्या, म्हणून तिने नगरहून आपल्या आईला बोलावून घेतलं. ती आई म्हणजे राहेलमावशी.

स्वयंपाकघर आणि फ्रिज आम्हा सगळ्यांचा एकच होता. फ्रिजचा सगळ्यात खालचा कप्पा माझा. मावशी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला वर आले, तर त्या शेगडीपाशी उभ्या राहून कुणाशी तरी बोलत होत्या. मला वाटलं विमलशी. विमल घरात नव्हती.

"बापा, आज पोरीची साखर चढू देऊ नको. विमलची पाठ दुखतेय, तेवढं बघ. आन् हो, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचं कुत्रं लंगडतंय, त्याचंही बघ. राहिलेलं दुपारी सांगते."

डोळे उघडे, हातात कालथा. शेवटी आमेनसुद्धा नाही. आमच्या घरी देवाशी बोलायची वेगळी भाषा होती. माझे वडील पाळक होते, म्हणजे गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाद्री. ते डोळे मिटून, आवाज खाली आणून, शब्द निवडून प्रार्थना करायचे. मावशी देवाशी ओळखीच्या भाजीवाल्याशी बोलावं तशा बोलत. त्या दिवसापासून मी चहा तळघरातच करायला लागले.

पण गाडी फक्त माझ्याकडे होती, त्यामुळे सुटका नव्हती. विमल कामावर असली की मावशींना दुकानात न्यायचं, चर्चला न्यायचं, हे माझ्या गळ्यात. एकदा भर थंडीत आम्ही सुपरमार्केटला गेलो. पार्किंग गच्च भरलेलं. मावशींनी मागच्या सीटवरून लगेच वर मागणी कळवली. आम्ही पंधरा मिनिटं चकरा मारल्या, शेवटी लांब कुठेतरी गाडी लावून बर्फातून पाय ओढत आलो. मी मुद्दाम विचारलं, "काय मावशी, तुमच्या बापानं ऐकलं नाही वाटतं?"

"ऐकलं की. नाही म्हणाला."

असं सगळं. त्यांच्या देवाची उत्तरं तीन. 'दिलं', 'नाही म्हणाला' आणि 'थांब म्हणाला'. विमलची बढती झाली तेव्हा 'दिलं'. तळघराचा हीटर चौथ्यांदा बंद पडला तेव्हा 'थांब म्हणाला', आणि कुडकुडायचं मी. मी त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगितलं, की मावशी, हे असं आहे की तुम्ही कधी चुकूच शकत नाही, आणि ज्यात चुकता येत नाही त्याला आम्ही सायन्समध्ये काही किंमत देत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझ्या बापाकडं तू काही मागितलंस तर तो ह्या तीनच गोष्टी करायचा ना? का चौथी काही करायचा?"

माझ्या बापाचं नाव काढायचं त्यांना काही कारण नव्हतं.

त्यांचा पोशाखसुद्धा मला छळायचा. पांढरी सहावारी साडी, खाली बर्फातले बूट आणि वर विमलच्या नवऱ्याने मागे टाकलेला करडा ओव्हरकोट. कोट त्यांच्या घोट्यापर्यंत यायचा. तो कोट विमलला कचऱ्यात टाकायचा होता. मावशींनी तो बाहेर काढून, धुऊन, अंगात घातला. इथवर ठीक. पण त्या रोज त्या माणसासाठी प्रार्थना करत. विमलसमोर. एक दिवस विमल भडकली, "आई, त्याचं नाव माझ्या किचनमध्ये घेऊ नकोस, प्लीज!"

"अगं, त्याचा कोट अंगात घालते. मग त्याच्यासाठी मागायला नको?"

विमल ताट तसंच टाकून उठली. मी तिच्या बाजूने होते. भोळेपणाला दुसऱ्याची जखम दिसत नाही, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

गावातल्या चर्चमध्ये मात्र मावशींचं कौतुक ओसंडून चाललेलं. तिथल्या गोऱ्या बायका त्यांचे हात हातात घेत, गालाला गाल लावत. त्यांना मावशींशी बोलायचं असे, आणि दुभाषी मी. मावशींना इंग्रजी समजत बऱ्यापैकी होतं, मिशनच्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं आया होत्या त्या. बोलायला मात्र जीभ वळत नसे. एका रविवारी एक उंच बाई डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "व्हॉट चाइल्डलाइक फेथ! आय एन्व्ही हर." मी भाषांतर केलं, की तुमचा विश्वास लेकरासारखा आहे म्हणतात, हेवा वाटतो म्हणतात.

मावशी हसल्या. "लेकरागत म्हणतात का? यांनी लेकरं सांभाळलीत का नाही कधी? लेकरू आईला चावतं पण."

मी त्या उंच बाईला सांगितलं, "शी सेज थँक यू." गाळून सांगायची सवय मला तिथेच लागली. खरंखुरं सांगत बसलं तर घरी जायला उशीर व्हायचा.

आता मुठीबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतून बायका स्वयंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ बाजूला ठेवतात. रविवारी ती मंडळीत आणतात आणि ते धान्य पाळकाच्या घरी जातं. बाजरी, ज्वारी, हलके तांदूळ, सगळं एकाच पोत्यात. माझं बालपण त्या पोत्यावर गेलं. आमच्या घरची भाकरी कधी एका धान्याची नसे. शाळेत पोरी माझ्या डब्यात डोकावून म्हणत, आज कोणाकोणाच्या घरचं खातेस गं? मी ती भाकरी गिळत असे आणि मनाशी ठरवत असे, की एक दिवस अशा ठिकाणी जाईन जिथे मूठ हा शब्दच कुणाला माहीत नसेल.

आणि स्टेट कॉलेजमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, राहेलमावशी तांदूळ धुवायला घेण्याआधी एक मूठ काढून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकत. शनिवारी ते तांदूळ पांढऱ्या रुमालात बांधत आणि रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरलं की पाकिटांच्या मध्ये ती पुरचुंडी ठेवत. ताट फिरवणारा म्हातारा दर वेळी तिच्याकडे बघे, मग माझ्याकडे बघे. मी छताकडे बघे. त्या तांदळाचं ते लोक काय करत देव जाणे. पाखरांना घालत असतील.

एका बाबतीत मात्र मावशींना नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तेही मला खटकायचं. रूबीला पहिलं इंजेक्शन देण्याआधी त्यांनी आठवडाभर संत्र्यांना सुया टोचल्या, मग पाण्याची सुई स्वतःच्या मांडीला. सकाळ-संध्याकाळ पोरीच्या बोटाचा थेंब पट्टीवर घ्यायचा, रंग बघायचा, आकडा वहीत लिहायचा. वही मराठी आकड्यांची. एक दिवस सुटलेला नाही, एक वेळ चुकलेली नाही. सुई मारताना देवाशी बोलणं चालूच. रूबी मांडी पुढे करून विचारायची, "आजी, इज ही लिसनिंग?" आजी म्हणायच्या, "यस यस, यू डोन्ट मूव्ह."

मी हे सगळं रोज बघत होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते न बघता केलेलं नाही.

माझे वडील कसे गेले ते इथे सांगते. मी अकरा वर्षांची होते. त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि ते प्रार्थना करत पडून राहिले. आई म्हणाली नगरला जाऊ. ते म्हणाले, प्रभू बघतोय. तीन दिवस प्रभूने बघितलं. चौथ्या दिवशी बैलगाडीत घातलं तेव्हा पोट लाकडासारखं झालं होतं. राहुरीच्या पुढे ते गेले. अपेंडिक्स होतं, कुठल्याही सरकारी डॉक्टरने काढलं असतं. मंडळीने महिनाभर आमच्याकडे मूठ पोचवली, मग नवा पाळक आला आणि पोतं त्याच्याकडे गेलं. तेव्हापासून देवावर हवाला ठेवणारं माणूस दिसलं की मला ती बैलगाडी दिसते.

त्या काळात अमेरिकेत टीव्हीवर उपदेशकांचं पीक आलं होतं. हात लावून रोग बरे करणारे. त्यांतलाच एक दुय्यम दर्जाचा, चकचकीत सूटवाला, एका रविवारी दुपारी आमच्या जवळच्या शाळेच्या जिममध्ये आला. चर्चमधल्या कुणीतरी मावशींना पत्रक दिलं होतं. विमलला डबल ड्यूटी. मावशी म्हणाल्या, "गाणी असतात म्हणे. रूबीला आवडतील." मी त्या दोघींना घेऊन गेले आणि हाताची घडी घालून सगळ्यात मागे उभी राहिले.

गाणी झाली. मग तो माणूस ओरडायला लागला. औषध म्हणजे अविश्वास, गोळी म्हणजे सैतानाची कुबडी, खरा विश्वास असेल तर ती आत्ता या टोपलीत टाका. लोक रडत रडत पुढे जायला लागले. टोपलीत गोळ्यांच्या बाटल्या पडल्या, चष्मे पडले, कुणी तरी कानातलं यंत्र काढून टाकलं. आणि मग मला करडा ओव्हरकोट दिसला. मावशी रूबीचा हात धरून रांगेत होत्या. त्यांनी पर्समधून पांढऱ्या रुमालाची पुरचुंडी काढली आणि टोपलीत ठेवली. इन्सुलिनची बाटली बाहेर नेताना त्या तशाच पांढऱ्या ओल्या रुमालात गुंडाळत असत. उपदेशकाने रूबीच्या डोक्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मावशी गाणं गुणगुणत होत्या.

सोमवारी सकाळी मी दुधासाठी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात, मागे, जिथे इन्सुलिन असायचं तिथे काही नव्हतं. विमल हॉस्पिटलातच होती. रूबी शाळेच्या बसने गेली होती. मावशी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याच्या कुत्र्याला बघायला गेल्या होत्या. दहा मिनिटांत परत आल्या असत्या. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं नाही. मी शाळेला फोन केला आणि सांगितलं, की या मुलीच्या आजीने धर्माच्या नादाने तिचं औषध फेकून दिलंय. फोन ठेवला तेव्हा, खरं सांगायचं तर, मला बरं वाटत होतं. पंधरा वर्षांनी कुणीतरी वेळेवर बैलगाडी जुंपली होती.

शाळेने नियमाप्रमाणे काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीला, कळवलं, आणि दोन्ही पालकांना कळवलं. दुपारी काउंटीच्या बाल-कल्याणाची बाई फाइल घेऊन दारात उभी राहिली. सभ्य, थकलेली बाई. तिने आधीच सांगितलं, की शाळेच्या नर्सने मुलीला तपासलंय, तब्येत ठीक आहे, पण मला काही प्रश्न विचारावे लागतील. विमल ऑपरेशनच्या ड्यूटीवर, तिला निरोपच पोचला नव्हता. दुभाषी मी.

बाईने विचारलं, औषध कुठे आहे? मावशी उठल्या, फ्रिज उघडला, वाकल्या आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून, माझ्या लोणच्याच्या बाटलीमागून, इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"वरच्या कप्प्यात परवा दुधाचा बर्फ झाला होता," त्या मला म्हणाल्या. "औषध गोठलं की वाया जातं, विमलनं सांगितलंय. म्हणून तुझ्या कप्प्यात ठेवलं. तुला सांगायचं राहिलं गं."

मग त्यांनी वही आणली. आकडे बाईला वाचता येईनात, म्हणून मी वाचून दाखवले. रविवार संध्याकाळ. सोमवार सकाळ. दोन्ही लिहिलेले होते.

मी मराठीत विचारलं, "मग त्या टोपलीत काय टाकलंत?"

"मूठ. काल चर्चमध्ये न्यायची राहिली होती. टोपली आली की मूठ टाकायची." मग त्या जरा पुढे झुकल्या. "लोक चांगले चांगले चष्मे देत होते गं. गरिबांना वाटत असतील ना?"

पन्नास वेळा बघितलेली पुरचुंडी. जिच्यातल्या दाण्यांवर मी वाढले ती. पाळकाच्या मुलीला तांदळाची मूठ ओळखू आली नाही. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. वाटला तो संताप. चूक मी केली होती आणि त्या तिथे बसून चष्म्यांबद्दल बोलत होत्या.

बाईने पुढचा प्रश्न विचारला. देव तुमच्या नातीला बरं करतो असं तुम्ही मानता का?

मावशी म्हणाल्या, "करतोच की. सुईतनं करतो, भाकरीतनं करतो. कधी नाहीही करत. रूबीचा आजा तीन वर्षं अंथरुणाला होता. रोज मागितलं, रोज नाही म्हणाला. म्हणून सुई चुकवायची नाही आन् मागणंही चुकवायचं नाही."

मी म्हणाले, "शी सेज येस."

बाईने लिहून घेतलं. मग म्हणाली, देवाने औषध बंद करायला सांगितलं असं तुम्हाला वाटलं, तर बंद कराल?

मावशींनी बाटली हातात घेतली. "बाईला नीट सांग. आम्ही भाकर मागितली. त्यानं दिली, ती ही. आता ही फेकून द्यायची आन् म्हणायचं, बघू आता कशी देतोस? तसलं पोर विश्वासाचं नाही, मस्तीला आलेलं असतं. आमच्या आईनं उलथन्यानं हाणलं असतं. विश्वास असणारं पोर दिलेलं खातं आन् उद्याचं उद्या परत मागतं."

माझ्या वडिलांना कुणी हे सांगितलं असतं तर ते जगले असते. हे माझ्या मनात तेव्हाच आलं, तिथेच, त्या टेबलापाशी. ते या अडाणी बाईकडून यावं, आणि आता यावं, हे मला सहन झालं नाही.

मी म्हणाले, "शी सेज नो."

बाईने पेन थांबवलं. "एवढं सगळं बोलल्या त्या, आणि फक्त नो?"

"मराठीत वेळ लागतो," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी समजत होतं, हे मी सांगितलंच आहे. त्यांनी हातातली बाटली टेबलावर परत ठेवली. काउंटीच्या बाईने फाइलमध्ये लिहिलं, की देवच बरं करतो असा आजीचा विश्वास आहे, औषधाबद्दलचं एका शब्दाचं उत्तर समाधानकारक वाटलं नाही, मुलीला आजीच्या एकटीच्या देखरेखीत ठेवू नये. एवढंच. पण त्या कागदाची एक प्रत रूबीच्या बापाला गेली, आणि दोन आठवड्यांत ओहायोहून वकिलाचं पत्र आलं. मुलीच्या जिवाला या घरात धोका आहे, ताबा आम्हाला द्यावा.

विमल त्या दिवशी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. "आई, तू इथे राहिलीस तर तो रूबीला घेऊन जाईल गं. त्याला फक्त एक्स्क्यूज हवा होता." फोन कोणी केला हे तिला माहीत नव्हतं. चर्चमधल्या कुणीतरी केला असं ती धरून चालली होती. मी जिन्यात उभी होते आणि मी तिला तसंच धरून चालू दिलं.

मावशी शेगडीपाशी गेल्या. त्या वेळी मात्र त्या मनातल्या मनात बोलल्या. बऱ्याच वेळाने वळून म्हणाल्या, "जा म्हणाला."

निघायच्या दिवशी रूबीला ताप भरला आणि विमलला तिला सोडून निघता येईना. तेव्हा पिट्सबर्गच्या विमानतळापर्यंत मावशींना मीच घेऊन गेले. तीन तासांचा रस्ता. कोट त्यांनी धुऊन, घडी करून घरीच ठेवला होता. वकिलाच्या पत्रानंतर त्यांनी तो अंगाला लावला नाही. पण प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घेणं सोडलं नव्हतं. तेवढं फक्त आता दात आवळून घ्यायच्या. विमलच्या एका लाल जॅकेटमध्ये त्या शेजारी बसल्या होत्या आणि मांडीवर तो कॉफीचा डबा होता.

वाटेत मी म्हणाले, "मावशी, फोन मी केला होता."

"ठाऊक आहे."

"रूबीसाठी केला, असं सांगणार होते तुम्हाला. पण ते खरं नाही. तुम्ही चुकीच्या ठराव्यात म्हणून केला. आणि त्या बाईला तुमचं बोलणं मी मुद्दाम सांगितलं नाही."

माझी खात्री होती, की आता त्या माझ्या डोक्यावर हात ठेवतील आणि म्हणतील, जाऊ दे बाळ, प्रभू क्षमा करतो. मी त्यासाठी तयारी करून बसले होते. तसं त्या म्हणाल्या असत्या, तर त्यांचा तिरस्कार करणं मला जन्मभर सोपं गेलं असतं.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चेहरा पहिल्यांदाच म्हातारा दिसला.

"मला तुझा फार राग आलाय लीले," त्या म्हणाल्या. "माझी नात सुटली माझ्या हातनं. माफ केलं असं आज म्हणले तर ते खोटं होईल. ते काही माझ्या घरचं नाही, मागूनच घ्यावं लागतं. तो दिवस झाला तेव्हापासनं रोज मागतेय. अजून दिलं नाही त्यानं."

विमानतळावर त्यांना व्हीलचेअर देऊ करणाऱ्या मुलीला त्यांनी हातानेच नको म्हटलं. गेटपाशी त्यांनी तो डबा माझ्या हातात कोंबला. आत अर्ध्यापर्यंत तांदूळ होते. "मूठ मोडू नको," असं म्हणाल्या, प्रेमाने नव्हे, हुकूम करावा तसं. मग लाल जॅकेटची चेन वरपर्यंत ओढली आणि त्या आत गेल्या. एकदाही मागे वळल्या नाहीत. ओठ हलत होते. माझ्याबद्दलच तक्रार चालली असणार.

चार महिन्यांनी निळं एअरोग्राम आलं. मिशनच्या शाळेतलं गोल गोल अक्षर. नगरला पाऊस नाही. गुडघा दुखतो. रूबीच्या वहीतले आकडे विमल पत्रातून कळवते, बरे आहेत. ओहायोवाल्याचं पुढे काही आलं नाही, तेही रोज मागत होते. आणि शेवटी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात:

"तुझ्यासाठी मागत होते ते परवा मिळालं. बाजरी निवडत बसले होते. एकदम हलकं वाटलं म्हणून लगेच लिहिते. आता तुझं तू बघ."

चार महिने. रोज सकाळी, शेगडीपाशी, कुत्र्याच्या पायाच्या आणि विमलच्या पाठीच्या यादीत माझा नंबर. ती बाई भोळी नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला आवडलं नाही. भोळ्या माणसाने माफ केलेलं झटकून टाकता येतं. हे टाकता येईना.

मी पत्र घेऊन वर गेले. विमल भाजी चिरत होती, रूबी टेबलावर होमवर्क करत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की फोन मी केला होता. मग त्या दुपारी मावशी काउंटीच्या बाईला जे जे बोलल्या ते सगळं सांगितलं, सुई, भाकर, आजोबा, उलथनं, एक शब्द न गाळता. रूबी म्हणाली, "इन इंग्लिश, प्लीज," म्हणून परत इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीतही वेळ लागला.

विमलने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "महिनाअखेर खोली सोड."

मी हो म्हणाले. रूबीने पेन्सिल तोंडातून काढली आणि विचारलं, "लीलामावशी, व्हाय डिडन्ट यू जस्ट से दॅट?"